बादली, मलम आणि उन्हाचा एक तास : कारागृहातल्या आरोग्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कारागृहातली स्वच्छता, आंघोळ आणि व्यायाम यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं नातेवाइकांची आहेत. आतल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून पत्रलेखकांची आणि कारागृहांची नावं काढून टाकली आहेत. उत्तरं विधी साहाय्याचं काम करणारे वकील आणि सार्वजनिक आरोग्यातले डॉक्टर यांनी मिळून दिली आहेत.

मुलगा आठ महिन्यांपासून न्यायाधीन बंदी (खटल्याचा निकाल न लागलेला कैदी) आहे. अंगभर खाज, रात्रभर झोप नाही. दवाखान्यातून मलम मिळालं, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. बाहेरून चांगलं मलम नेऊन द्यावं का? (एक आई, सोलापूर जिल्हा)

ताई, वर्णनावरून ही खरूज वाटते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेच्या नाडीजवळ आणि जांघेत बारीक पुरळ असेल तर जवळजवळ नक्कीच. खात्री मात्र कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासूनच करायची. मलम चांगलं की वाईट हा इथे प्रश्न नाही. ते एकट्याने लावलं म्हणून खरूज परत आली.

पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर किडा अंगावर असतो, शेजारच्याला लागतो, आणि ज्याच्यामुळे लागतो त्याला पत्ताही नसतो. बराकीत माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. तुमच्या मुलाने उपचार घेतला, पण डाव्या-उजव्या अंथरुणावरच्यांनी घेतला नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा तिथेच. म्हणून मागणी ‘माझ्या मुलाला औषध द्या’ अशी न करता ‘संपूर्ण बराकीला एकाच दिवशी औषध द्या’ अशी करा.

औषध कसं लावायचं हेही बहुतेक ठिकाणी नीट सांगितलं जात नाही. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, जिथे खाज नाही तिथेही, कोरड्या अंगावर लावायचं. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, जांघ, नितंबांची घडी, तळवे यांतलं काही सोडायचं नाही. आठ ते चौदा तास अंगावर ठेवून मग आंघोळ. कारागृहात सायंकाळी गिनती होऊन बराकीला टाळं लागतं आणि सकाळी उघडतं, तो वेळ यासाठी अगदी सोयीचा आहे. फक्त रात्री शौचाला जाऊन हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. हे विसरलं की बोटांच्या बेचक्यांतले किडे वाचतात. सात दिवसांनी सगळं पुन्हा एकदा, खाज थांबली असली तरी.

एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागतं. म्हणजे नव्वद माणसांच्या बराकीला दोन फेऱ्यांत ३० ग्रॅमच्या १८० नळ्या. गाडं अडतं ते इथे. दवाखान्यात तेवढा साठा नसतो, मग एक नळी तिघांत वाटली जाते आणि प्रत्येक जण फक्त खाजेच्या जागी बोट फिरवतो. साठा कमी असेल तर वैद्यकीय अधिकारी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचा विचार करू शकतात. मात्रा वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, आणि सात ते चौदा दिवसांनी दुसरा डोस. मोठ्या गटाला हे देणं सोपं पडतं. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुलं यांना मात्र या गोळ्या देत नाहीत.

कपडे आणि अंथरूण त्याच दिवशी बदलायला हवं. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो. चादरी-कपडे कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवता येतात. कारागृहाची जाड घोंगडी उकळणं शक्य नसतं. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी काम होतं, पण त्यासाठी दुसरी घोंगडी हातात हवी. तेव्हा अर्जात जादा घोंगड्यांचाही उल्लेख करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. बाहेरचं औषध वैद्यकीय अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय आत जात नाही, आणि खाजेवरची जी तीन-तीन औषधं एकत्र असलेली मलमं मेडिकलवाला न विचारता देतो ती तर नेऊच नका. त्यांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज दबते, खरूज आतून पसरते, आणि गजकर्ण असेल तर ते इतकं वेडंवाकडं वाढतं की नंतर डॉक्टरलाही ओळखू येत नाही.

दोन गोष्टी मुलाला सांगून ठेवा. उपचार बरोबर झाला तरी दोन ते चार आठवडे थोडी खाज राहते. त्यासाठी रोज मलम चोपडायचं नाही. आणि खाजवून पू झाला, चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खरजेच्या जखमांतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

पती ज्या बराकीत आहेत तिथे सकाळी तासभरच पाणी असतं. कधी अर्धी बादली, कधी तीही नाही. तक्रार केली की ‘नियमाप्रमाणे नळ आहेत’ असं सांगतात. नियम काय आहे? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

‘नियमाप्रमाणे आहेत’ हे उत्तर खरंही असू शकतं, आणि तरीही तुमच्या पतीला पाणी मिळत नाही हेही खरं असू शकतं.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर दहा बंद्यांमागे एक आडोशाचं न्हाणीघर, बराकीच्या आत रात्री वापरायला दर दहा जणांमागे एक शौचकूप आणि दिवसा वापरायला दर सहा जणांमागे एक, असं प्रमाण दिलेलं आहे. दिवसाचं प्रमाण जास्त आहे, कारण सकाळी टाळं उघडलं की सगळ्यांना एकाच वेळी घाई असते. ही नियमावली मार्गदर्शक आहे. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. पण अधीक्षकापासून न्यायालयापर्यंत मोजमाप म्हणून तिचा आधार घेता येतो.

आता हिशेब करू. समजा, बराकीची मंजूर क्षमता ५० आहे आणि आत ९० जण आहेत. ५० च्या हिशेबाने पाच न्हाणीघरं आणि त्यांत पाच नळ बसवलेले, म्हणजे कागदावर नियम पाळला. अर्ध्या इंची नळाला दाब बरा असेल तर मिनिटाला नऊ लिटर पाणी येतं. पाच नळ एक तास सतत चालले तर २,७०० लिटर. आंघोळ आणि एका जोडीचे कपडे यांना वीस लिटरच्या दोन बादल्या धरल्या तर ९० जणांना ३,६०० लिटर हवेत. म्हणजे कुणी थेंबही सांडला नाही तरी सदुसष्ट जणांनंतर पाणी संपतं आणि बावीस-तेवीस माणसं कोरडी राहतात. ती कोण असतात हे सांगायला नको : नवीन आलेला, म्हातारा, ज्याची बराकीत कुणाशी ओळख नाही तो. शहरातल्या घरगुती पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मानक धरतात, हे तुलनेसाठी लक्षात ठेवा.

या हिशेबातून मागणी आपोआप निघते. रोज नऊशे लिटर कमी पडतात, तर हजार लिटरची एक टाकी बसवून ती रात्री भरून ठेवली की तूट भरून निघते. जागा नसेल तर आंघोळीच्या दोन पाळ्या, पहिली टाळं उघडल्यावर आणि दुसरी दुपारच्या टाळेबंदीआधी. ‘पाणी पुरेसं द्यावं’ असा अर्ज दप्तरी लावायला सोपा असतो. ‘अमुक बराकीत नळ किती, बंदी किती, पाणी किती वाजता सुटतं आणि किती वाजता बंद होतं’ असं लिहिलेला अर्ज टाळायला अवघड जातो, कारण उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

हौद असेल तर आणखी एक. प्रत्येक जण आपापला मग हौदात बुडवतो आणि सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत हौद सगळ्यांचा होतो. हौदाच्या तळाशी दोन तोट्या बसवून वर झाकण टाकलं की हा प्रश्न मिटतो. खर्च किरकोळ आहे. हेच पाणी पिण्यात येत असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तासभर थांबायचं, ही नेहमीची मात्रा. उघडी राहिलेली, ओलसर गोणीतली पावडर टाकून उपयोग नसतो; तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या चाचणीत) पिवळा रंग आला नाही तर पावडर मेलेली आहे असं समजा.

ही माहिती बाहेरून मिळवायची कशी? आम्हाला आत कोण मोजू देणार? (एक वाचक, अकोला)

माहिती अधिकारात. राज्य कारागृह विभागाला तो लागू आहे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं (दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ), एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा इथेच, कारण लोक पाणी, जेवण, मुलाखत आणि दवाखाना एकाच अर्जात कोंबतात. उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तास, पण ते का लागू होतं हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट.

विचारायचं ते असं : अमुक तारखेला अमुक बराकीची मंजूर क्षमता व प्रत्यक्ष संख्या; चालू स्थितीतले नळ, न्हाणीघरं, शौचकूप; पाणी सोडण्याच्या वेळा; मागील सहा महिन्यांत त्या बराकीतल्या दुरुस्तीच्या नोंदींच्या प्रती. ‘चालू स्थितीतले’ हा शब्द गाळू नका. तो नसेल तर तुटलेले नळही मोजले जातात. आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत.

माझ्या धाकट्या भावाला सुरक्षेच्या कारणावरून वेगळ्या कोठडीत ठेवलं आहे. दिवसातून अर्धा तास समोरच्या बोळात फिरू देतात; वर पत्रा आहे. बोळात फिरणं म्हणजे व्यायाम धरतात का? (एक वाचक, नागपूर)

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला २३ वा नियम सांगतो की बाहेर उघड्यावर काम नसलेल्या प्रत्येक बंद्याला, हवामान ठीक असेल तर, रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळाला पाहिजे. वर पत्रा असलेला बोळ म्हणजे मोकळी हवा नव्हे. हे नियम संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारले. त्यांचं मूळ रूप १९५५ चं आहे. त्यातला ४२ वा नियम महत्त्वाचा : उजेड, वारा, पाणी, स्वच्छता, मोकळी हवा आणि व्यायाम यांची तरतूद सगळ्या बंद्यांना अपवादाशिवाय लागू आहे. अंडा सेलमधलाही, म्हणजे अतिसुरक्षित कोठडीतलाही, त्यात आला.

हे परदेशी नियम आहेत, असं उत्तर मिळालं तर आपलाच जुना कायदा दाखवा. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४६ मध्ये शिक्षा म्हणून एकाला वेगळं ठेवायची जी तरतूद आहे, तिच्या व्याख्येतच लिहिलंय की अशा बंद्याला दिवसाला किमान एक तास व्यायाम आणि दुसऱ्या एखाद्या बंद्यासोबत जेवण मिळेल. इंग्रज सरकारने आतल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्याला एक तास दिला होता. तुमच्या भावाला तर शिक्षा म्हणून नव्हे, सुरक्षेसाठी ठेवलंय. मग त्याला अर्धाच तास कसा? अर्जात हा एक प्रश्न पुरेसा आहे. राज्यं आता नवे कारागृह कायदे करू लागली आहेत, तेव्हा अर्जाच्या दिवशी कोणतं कलम लागू आहे ते वकिलाकडून पाहून घ्या.

सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाने एकांतवासाची शिक्षा दिलेली नसताना कारागृह प्रशासन आपल्या अखत्यारीत एकांतवास लादू शकत नाही. मंडेला नियमांप्रमाणे दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसांशी खऱ्या अर्थाने संपर्क न येता कोंडून ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांच्या वर तो गेला की दीर्घ एकांतवास, ज्याला मनाई आहे. भावाला चोवीस तासांत किती वेळ बाहेर काढतात आणि तेव्हा कुणाशी बोलू देतात, याची त्याने रोजची नोंद ठेवावी : तारीख, बाहेर काढल्याची वेळ, आत घातल्याची वेळ. वही मिळत नसेल तर मुलाखतीत तुम्ही विचारून घरी लिहून ठेवा.

अर्ज आधी अधीक्षकांना, आवक शिक्क्याची पोच घेऊन. आठ-दहा दिवसांत काही झालं नाही तर भावाचा खटला जिथे चालू आहे त्या न्यायालयात वकिलामार्फत. न्यायालय कारागृहाचं म्हणणं मागवतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच वेळापत्रक बदलतं. तारखेला दूरदृश्य प्रणालीवर हजर करतात तेव्हा भाऊ स्वतःही न्यायाधीशांना सांगू शकतो. सांगितलेलं नोंदवून घ्यावं अशी विनंती मात्र त्याने लगेच करावी. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० हा टोल फ्री क्रमांक.

अधीक्षकांशी बोलताना मनुष्यबळाची अडचण खरी असते हे लक्षात घ्या. सुरक्षा विभागातल्या प्रत्येक बंद्याला वेगळं काढायचं तर दोन शिपाई तासभर अडकतात. एकमेकांपासून धोका नसलेल्या तीन-चार जणांना एकत्र पटांगणात सोडलं तर तेवढ्याच शिपायांत प्रत्येकाला पूर्ण तास मिळतो, आणि माणसांची सोबतही. अर्जात ही सूचना घाला.

बराकीतच व्यायाम करायचा तर काय करता येईल? भाच्याला जागा मिळते ती अंथरुणाएवढी. जोर मारतो, पण चक्कर येते म्हणतो. (एक मामा, कोल्हापूर)

अंथरुणाची जागा म्हणजे सहा फूट बाय दोन-अडीच फूट. सूर्यनमस्काराला एवढी पुरते, उशाकडे हात पसरायला थोडी जास्त लागली तर तिरपं उभं राहायचं. बाकी उपकरण काहीच लागत नाही, आणि ते असतं तरी सुरक्षेच्या नावाखाली काढून घेतलं असतं.

चक्कर येण्याची कारणं बहुधा तीन. रिकाम्या पोटी आणि पाणी न पिता सुरुवात. गर्दीच्या बराकीतली कोंदट गरम हवा. आणि शेजारच्याने पन्नास मारले म्हणून आपणही पन्नास. बराकीत जोरांची पैज लागते, तिच्यात पडू नको म्हणावं. जोर मारताना डोकं खाली जाऊन झटक्यात वर येतं, म्हणून अशक्त माणसाला गरगरतं. आधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दवाखान्यात तपासून घ्यावं. कारागृहात प्रवेशाच्या वेळी वजनाची नोंद होते; त्या वजनाशी आजचं वजन ताडून पाहायला सांगा. चार-पाच किलो उतरलं असेल तर आधी आहार आणि तपासणी, व्यायाम नंतर. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी लगेच. गर्दीच्या, वारा नसलेल्या बराकीत क्षयरोगाला वाव मिळतो.

सुरुवात अशी करावी. सकाळी टाळं उघडल्यावर, आंघोळीआधी, ग्लासभर पाणी पिऊन. तीन मिनिटं जागच्या जागी चालणं, गुडघे कमरेपर्यंत उचलत. मग बैठका दहाच्या दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर थांबून. जोरांऐवजी पहिले दोन आठवडे भिंतीला हात टेकून दंड : भिंतीपासून दोन हात दूर उभं राहायचं, छाती भिंतीजवळ न्यायची, दहाच्या दोन फेऱ्या. मग सूर्यनमस्कार सहा, सावकाश, मिनिटाला तीनच्या वर नाहीत. शेवटी पाठीवर पडून पाच मिनिटं. हे सगळं वीस मिनिटांत बसतं. आठवड्याला एक-दोन सूर्यनमस्कार वाढवत बारापर्यंत जावं, मग जमिनीवरचे जोर पाच-पाचने. कुठल्याही पायरीला दम लागून वाक्य पुरं बोलता येईना, तर एक पायरी खाली उतरायचं.

घामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि व्यायामानंतर अंग पुसून कोरडं करावं. नाहीतर गजकर्ण जांघेत हमखास. पाणी नसेल त्या दिवशी ओल्या पंचाने काखा, जांघा आणि पायाची बोटं पुसली तरी चालतं.

आणि हे सगळं बराकीत करता येतं म्हणून पटांगणातला तास सोडून द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. चालण्याशिवाय ती भरत नाहीत, आणि ऊन बराकीत मिळत नाही.

कैद्यांचे हे लाड कशासाठी? बाहेर झोपडपट्टीत तरी कुठे दोन बादल्या पाणी मिळतं? (एक वाचक, पुणे)

राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. जे दोषी ठरले त्यांना न्यायालयाने कैद सुनावली. खरूज सुनावलेली नाही. देशातली कारागृहं त्या वर्षी क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली होती, आणि आतली माणसं रोज जामिनावर, सुटकेवर, तारखेवर बाहेर येतात. शिपायांच्या वसाहती भिंतीला लागूनच असतात. म्हणजे आतली खरूज आतच राहत नाही. झोपडपट्टीला पाणी मिळत नाही ही तक्रार रास्त आहे. ती महापालिकेकडे जरूर करा, मसुदा हवा असेल तर आम्ही देऊ.

बहीण महिला कारागृहात आहे. पॅडचं एकच पाकीट मिळतं, पुरत नाही. तिच्याबरोबर तीन वर्षांची मुलगीही आहे. (एक वाचक, नाशिक)

पाच दिवस, दर चार ते सहा तासांनी बदल, म्हणजे किमान वीस पॅड लागतात. आठांच्या एका पाकिटात दोन दिवस भागतात. महिला बंद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांतला पाचवा नियम सांगतो की सॅनिटरी टॉवेल मोफत मिळाले पाहिजेत आणि पाण्याचा नियमित पुरवठा हवा. मासिक पाळी चालू असलेल्या, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि स्वयंपाकाचं काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात खास उल्लेख आहे. तेव्हा अर्जात ‘जादा पाकीट’ न लिहिता ‘माणशी दरमहा वीस’ असं लिहा, आणि वाटप महिन्याच्या एक तारखेला न होता मागेल तेव्हा व्हावं असंही. पाळी तारीख बघून येत नाही, आणि पॅड मागायला पुरुष अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागू नये.

महिला बराकीतले शौचकूप वरचेवर का तुंबतात तेही सांगायला हवं. झाकणाची कचरापेटी नसते, म्हणून पॅड शौचकुपात टाकले जातात. ते फुगून नळी बंद करतात. दोन शौचकूप बंद पडले की उरलेल्यांवर रांग. दर शौचकुपाशेजारी पायाने उघडणारी एक पेटी ठेवून ती रोज रिकामी करणं, एवढंच करायचं असतं. कापडी पॅड वापरायचे असतील तर ते उन्हात वाळवायला आडोशाची दोरी हवी. सावलीत दमट राहिलेलं कापड वापरून जांघेत चट्टे आणि बुरशी होते.

मुलीबद्दल : सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि ते कैदी नाही. त्याला स्वतंत्र आहार, लसीकरण, पाळणाघर आणि खेळायची जागा हवी. आंघोळीला कोमट पाणी आणि वेगळा टॉवेल आईने हक्काने मागावा.

भाच्याला संडास साफ करायला लावतात. त्याच्यावरचा खटला अजून चालू आहे. जात विचारून काम दिलं असा त्याचा संशय आहे. (एक वाचक, लातूर)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत, वेगळ्याच मांडा. पहिली, न्यायाधीन बंद्याला सक्तीने काम देता येत नाही. आपली अंथरुणाची जागा स्वच्छ ठेवणं ही त्याचीही जबाबदारी आहे, पण सगळ्या बराकीचे संडास धुणं हे काम झालं. दुसरी, जातीवरून काम. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीनुसार काम वाटणारे कारागृह नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि राज्यांना नियम सुधारायला तीन महिने दिले. गटार आणि मैल्याच्या टाक्या हाताने साफ करायला लावण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती कारागृहाच्या आतही लागू आहे. संशय असेल तर सफाईवर कुणाकुणाला लावलं, त्या कामवाटपाच्या नोंदवहीची प्रत मागा.

शिक्षा झालेल्यांना पाळीपाळीने आणि मजुरी देऊन सफाई देता येते. तेव्हा रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचा ब्रश द्यायलाच हवा. एक धोका कुणी सांगत नाही : संडास धुण्याचं ॲसिड आणि टीसीएल पावडर एकत्र कधी टाकू नये. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि दार लावलेल्या संडासात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

वडील ७४ वर्षांचे, गुडघे गेलेले. खाली बसता येत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

बाहेरच्या अस्थिरोगतज्ज्ञाची जुनी कागदपत्रं आणि क्ष-किरण चित्र कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्या, आणि ‘भारतीय बैठकीचा शौचकूप वापरता येत नाही, कमोडची गरज’ असं वाक्य त्यांच्याकडून आरोग्यपत्रिकेत लिहून घ्या. ते वाक्य नसेल तर पुढे काही हलत नाही. पाश्चात्त्य कमोड नसेल तर सुमारे अठरा इंच उंचीचं प्लॅस्टिकचं कमोड स्टूल मागा. लोखंडी नळ्यांचं स्टूल सुरक्षेच्या कारणाने अडतं, प्लॅस्टिकचं सहसा अडत नाही. झोपायची जागा शौचकुपाच्या जवळ आणि रात्री तिथे दिवा, हीही मागणी करा. म्हातारी माणसं पडतात ती रात्रीच. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंग बंद्यांना वापरता येतील असे शौचकूप आणि उतरते रस्ते करण्याचे आदेश दिले आहेत. अर्जात त्याचा हवाला द्या.

आत दाढी-कटिंग एकाच वस्तऱ्याने होते. धोका किती? (एक वाचक, पणजी)

बराच. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो, आणि वस्तऱ्याच्या पात्यावरचं रक्त डोळ्याला दिसलंच पाहिजे असं नाही. वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवायचं, आणि प्रत्येक माणसागणिक ते बदलायचं. माणूस बसल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत नवीन ब्लेडचा कागद फोडायचा, हा साधा रिवाज घालून द्यावा. ब्लेड मोजून देतात-घेतात, म्हणून न्हाव्याला दिवसाला दहाच मिळाली असतील तर तो अकराव्याला जुनंच लावणार. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, ब्लेडची संख्या वाढवून मागा. त्याहून बरा उपाय म्हणजे दाढीला ट्रिमर. त्याने कातडी सहसा कापत नाही. पण दाढीतलं गजकर्ण मात्र त्यातून पसरतं, तेव्हा प्रत्येक वेळी केस ब्रशने झटकून पात्यावर ७० टक्के स्पिरिट फिरवायचं आणि ते वाळेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं. घाईत ओल्या पात्यानेच पुढच्या माणसाला बसवतात, तिथे स्पिरिट वाया जातं.